भिंतीकडे तोंड करून

रविवार सकाळ. हजर: मी, सासूबाई, अलार्मचा मेकॅनिक आणि पलीकडच्या गॅलरीत शेजारच्या हंसाबेन.

उद्या आम्ही लग्नाला पुण्याला निघणार, इथलं तरसालीचं घर बंद राहणार, म्हणून हा चोरांसाठीचा अलार्म. मेकॅनिक दर वाक्याला "जुओ ताई", म्हणजे बघा ताई, म्हणतो आणि चोर होऊन दाखवतो, तोही चपला बाहेर काढून. दार उघडलं की दारावरचं लोहचुंबक चौकटीवरच्या सेन्सरपासून लांब जातं. लगेच कोड दाबला नाही तर भोंगा वाजतो.

मी कोड ठरवू लागले, तसा तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "मलाही कळता कामा नये."

रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावायला हंसाबेन येणार. त्यांना कमी ऐकू येतं. सासूबाईंनी गॅलरीतून कोड ओरडून सांगितला. हंसाबेननी तो गुजरातीत तितक्याच जोरात म्हणून दाखवला. खालच्या भाजीवाल्याने मान डोलावली.

"जुओ ताई, बदला," मेकॅनिक भिंतीलाच म्हणाला.

नवा कोडही तसाच गल्लीभर झाला.

"मग देव काय अंधारात ठेवू?" सासूबाईंनी त्याला विचारलं.

चहा त्याने भिंतीकडे तोंड करूनच घेतला.

बॅगा भरल्या, दूधवाल्याला सांगितलं, पेपर बंद केला. कोड तेवढा राहिला आहे.