बायकांना सहसा होत नाही

पहाटे जाग यायची ती दुखण्यानेच. कुशीवर वळायचं तर आधी श्वास रोखायचा, मग कॉटची कड धरून एकेक पाय खाली सोडायचा. कंबरेत कुणीतरी लाकूड ठोकून बसवल्यासारखं वाटायचं. पाणी भरून, डबे करून झाले की अंग सैल व्हायला लागायचं, आणि झरी गावच्या शाळेवर पोचेपर्यंत मी चारचौघींसारखी चालत असायचे. लोकांना दिसायची ती ही दुसरी मी. पहाटेची मी कुणाला नेऊन दाखवणार?

परभणीत हाडांच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी मुलगी नुकती अंगणवाडीत जायला लागली होती. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, "मॅडम काय करतात?" मी समोरच्याच खुर्चीत बसले होते.

"शिक्षिका आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेवर," हे म्हणाले.

"मग उभं राहून राहून होणारच. वजन वाढलंय. डिलिव्हरीनंतर बायकांचं असंच असतं."

"पण डॉक्टर, काम केलं की मला बरं वाटतं," मी म्हणाले. "पडून राहिलं की जास्त दुखतं."

डॉक्टर हसले. "असं नसतं हो मॅडम. विश्रांतीने कुणाची कंबर दुखते का?" आणि त्यांनी मला विश्रांतीच लिहून दिली. वर पट्टा आणि कॅल्शियम.

मी शहाण्यासारखी रजा टाकून पडून राहिले. आठवड्याच्या शेवटी मला आपलं आपलं उठून बसता येईना. यांनी काखेत हात घालून उचललं तेव्हा मी ओरडले, आणि मुलगी दाराआड जाऊन लपली. पुन्हा डॉक्टर, पुन्हा एक्स-रे, रक्तही तपासलं. सगळं नॉर्मल. या वेळी त्यांनी आवाज खाली आणून यांना विचारलं, "घरात काही टेन्शन? काही जणींची सहनशक्तीच कमी असते."

मनाच्या गोळ्या सुरू झाल्या. दुखणं होतं तिथेच राहिलं. भर वर्गात पोरं पाढे म्हणत असताना माझे डोळे मिटायला लागले. परिपाठाला बसायला खुर्ची मागितली तर मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट तर नॉर्मल आले ना?" मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. ते सगळं एक वेळ गिळलं असतं. पण एका संध्याकाळी बाजारातून येताना, गाडी चालवता चालवता हे म्हणाले, "एवढे डॉक्टर सांगायलेत, तर तू बी जरा मन घट्ट कर ना." मी मागे बसले होते. त्या क्षणी गाडीवरून उतरून चालत जावंसं वाटलं. तेवढं चालता येणार नाही, म्हणून बसून राहिले.

घरात एकट्या सासूबाईंचा माझ्यावर विश्वास होता. त्या येलदरीकडच्या गावाहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या आणि माझ्याआधी उठायच्या. एकदा यांच्यावरच खेकसल्या, "ती नाटकं न्हाई करायली रे! मी रोज बघायले तिला. भिंतीला धरून न्हाणीत जाती. तू पांघरूण घेऊन झोपतूस, तुला काय दिसतंय?" हे उठून बाहेर गेले. बदलले मात्र नाहीत.

मग काही वर्षांनी एका हिवाळ्यात माझा डोळा लाल झाला. उजेड सुईसारखा टोचायचा. शहरात नवीन दवाखाना टाकलेली डोळ्यांची डॉक्टर होती, वयाने माझ्याहून लहान. तिने बराच वेळ यंत्रातून डोळा पाहिला, मग खुर्ची मागे घेऊन मला, मलाच विचारलं, "ताई, तुमची कंबर दुखते का?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"सकाळी जास्त? हालचाल केली की कमी होते?"

मला रडू फुटलं. हे दचकून बघायला लागले. त्यांना वाटलं, डोळा दुखतोय. मी संतापाने रडत होते. इतकी वर्षं सांगूनही कुणी जे ऐकून घेतलं नव्हतं, ते ही बाई मी तोंड उघडायच्या आधी विचारत होती. डोळ्याच्या आतली सूज आणि कंबर हा एकच आजार असू शकतो, असं सांगून तिने आम्हाला संभाजीनगरच्या सांधेतज्ज्ञांकडे पाठवलं.

तिथे एमआरआय झाला. मणक्याचा संधिवात निघाला. कणा जिथे कमरेच्या हाडाला मिळतो, तिथले सांधे काही जागी जुळून गेले होते, आणि आजार मानेपर्यंत चढला होता. "झालेलं भरून येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पुढचं थांबवू." आधी कळलं असतं तर काय झालं असतं, असं मी विचारलं. "बराच फरक पडला असता."

इंजेक्शनं आणि व्यायाम सुरू झाले. हळूहळू पहाटे माझी मी उठायला लागले. पण मान पूर्वीसारखी वळत नाही. कुणी मागून हाक मारली तर आख्खं अंग फिरवावं लागतं.

बरं वाटायला लागल्यावर मी त्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. हे म्हणाले, "कशाला?" मी म्हटलं, "मला जायचंय." यांनी गाडी काढली.

डॉक्टरांनी एमआरआय पाहिला. "तेव्हा एक्स-रेत काहीच नव्हतं, मॅडम. आणि हा आजार बायकांना सहसा होत नाही."

"एक्स-रेत नव्हतं. पण मी समोर होते ना? पडल्यावर जास्त दुखतं, असं मी सांगत होते. तुम्ही हसलात."

"मला आठवत नाही."

"मला आठवतंय."

त्यांनी घंटी वाजवून पुढच्या पेशंटला आत बोलावलं. चुकलं म्हणाले नाहीत. एवढे शब्द तरी निघतील असं मला वाटलं होतं, हे बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं, आणि त्याचा आणखी राग आला.

घरी जाताना मी गाडीवर मागे बसले होते. हे मागे न बघता म्हणाले, "मी बी चुकलोच."

"हो," मी म्हणाले.

मी 'जाऊ द्या' म्हणेन याची ते वाट पाहत असावेत. मी म्हटलं नाही.