एकोणीस-वीस चालेल

शशिधर हर्डीकर दिवाळीत फुलबाजीसुद्धा हात लांब करून, मान वळवून धरत. आणि इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या त्यांच्या सिटिंग रूममध्ये, काचेच्या कपाटात, तीन पिस्तुलं. तिन्ही कुठल्या कुठल्या फौजांनी मोडीत काढलेली, कायद्याने निकामी करून सर्टिफिकेट मिळालेली. "सुटणार नाही, काय? नळीच बुजवलीय, काय?" असं ते पाहुण्याला सांगत. त्यांचं प्रत्येक वाक्य 'काय?'वर येऊन टेकायचं आणि उत्तराची वाट न बघता पुढचं निघायचं.

जीव मात्र पिस्तुलांपेक्षा काडतुसांत. दारू काढलेली, मेलेली काडतुसं. "पिस्तूल कोणीही घेईल. शेजारी त्याचीच गोळी आणून ठेवणं म्हणजे स्थळ जमवणं. उंची बघा, घराणं बघा, काय?"

त्यांच्या बायकोला, सुप्रभाबाईंना, हे घराणं घरात नको होतं. "मी म्हणते, यंदा तुमच्या पिस्तूलवाल्यांच्या क्लबच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं तर कपाट राहील. नाहीतर लॉफ्टमध्ये. कपाटाच्या जागी मला माझी झाडं ठेवायचीत."

प्रदर्शनाचा नियम एकच: प्रत्येक पिस्तुलाशेजारी त्याचंच काडतूस. दोन जोड्या जमल्या होत्या. अडलं होतं मकारॉव्ह. त्या रशियन पिस्तुलाला नऊ बाय अठराची गोळी लागते, आणि जिकडेतिकडे मिळते ती नऊ बाय एकोणीसची. एका मिलिमीटरने लांब, त्यात बसतच नाही.

लंडनजवळ इल्फर्डला त्यांची सून नीना राहायची. जन्म तिथलाच, पेशाने फिजिओथेरपिस्ट, मराठी धडाडीची. कर्ता-कर्म वाटेल तिथे उभे करणारी. तिच्या घराजवळ जुन्या लष्करी सामानाचा बाजार भरणार होता. शशिधररावांनी फोन केला. "मकारॉव्हची नऊ एमएम माग. पितळ जरा डागाळलेलं असलं, एकोणीस-वीस असली, तरी चालेल, काय?" अठरा हा आकडा त्यांनी उच्चारलाच नाही. मकारॉव्ह म्हटल्यावर अठरा सांगायचं म्हणजे चहा म्हटल्यावर पाणी सांगायचं.

संध्याकाळी नीनाचा फोन आला. "बाबा, डोन्ट वरी. मिळाला."

प्रदर्शनाच्या सकाळी, व्हिलेज हॉलमध्ये, तिने कापसात गुंडाळलेली गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. चकाचक. शशिधररावांनी खिशातून कॅलिपर काढला, मोजलं, चष्मा पुसला, पुन्हा मोजलं.

"नीना, ही एकोणीस आहे."

"हो ना. तुम्हीच म्हणाला, एकोणीस-वीस चालेल. वीस तो माणूसकडे नव्हती. मी एकोणीस घेतला."

सुप्रभाबाई आधी खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या, मग त्याच खुर्चीत बसून पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या. शशिधररावांना मात्र समोर लॉफ्टची शिडी दिसत होती.

"मी म्हणते, ठेवा तशीच. एका मिलिमीटरने कोणाला कळतंय?"

"मला कळतंय, काय?"

पहिल्यांदाच ते 'काय?' म्हणून थांबले. मग त्यांनी गोळी मकारॉव्हपासून वीतभर दूर उभी केली आणि चिठ्ठी लावली: 'ही याची नव्हे.'

परीक्षक प्रिचेट. मिशा ओल्या झाडूसारख्या, बोलणं अर्धं नाकातून. त्याने दूर उभ्या गोळीकडे बोट केलं. "नाऊ देन. पाहुणी कोण?"

शशिधरराव तोंड उघडणार, तेवढ्यात सुप्रभाबाईच उठल्या. आमच्या भाषेत एकोणीस-वीस म्हणजे जवळजवळ सारखं, सुनेला ती साइझ वाटली, अशी कथा त्यांनी इंग्रजीत, हातवाऱ्यांसकट सांगितली. प्रिचेटच्या मिशा हलल्या. "आणि आमच्या भाषेत, मॅडम, अठरा-एकोणीस म्हणजे पिस्तूल अडकलं." हसत हसत त्याने गुण कापले. बक्षीस शेजारच्या टेबलाला गेलं.

पण दुपारभर गर्दी हर्डीकरांच्याच टेबलाशी. सुप्रभाबाई कॅलिपर घेऊन येणाऱ्याजाणाऱ्याला मिलिमीटर दाखवत होत्या. "बघा, घराणंच वेगळं," असं त्या म्हणाल्याचं शशिधररावांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

घरी आल्यावर त्यांनी लॉफ्टची शिडी खाली ओढली.

"ती कशाला?" सुप्रभाबाई म्हणाल्या.

"बक्षीस नाही मिळालं, काय?"

"शनिवारी माझी मैत्रीण देवयानी जेवायला येतेय. तिला काय लॉफ्टमध्ये चढवून दाखवू? मी म्हणते, झाडं वरच्या खोलीच्या खिडकीत राहतील." त्यांनी कपाट उघडलं आणि एकोणीसची गोळी चिठ्ठीसकट आपल्या हाताने आत ठेवली. "अठराची आणाल ती मात्र मला विचारून आणा."