मॅगझीन काढलेलं पिस्तूल

नव्या पिस्तुलाच्या ट्रायलसाठी आमच्या पलटणीतून दोघांची नावं गेली तेव्हा लंगरमध्ये जेवताना हशा पिकला. "रायगडवाले चालले फटाके फोडायला!" मी हवालदार, रोह्यासमोरच्या अष्टमी गावचा. दुसरे नायब सुभेदार यशवंत म्हात्रे, पेणचे. ड्युटीवर त्यांना साहेब म्हणायचो, रजेवर एसटीत शेजारी बसलो की दादा. माझ्या हातात पहिलं पिस्तूल त्यांनीच दिलं होतं.

तुम्हा सिव्हिल लोकांना पिस्तूल म्हणजे सिनेमातलं ठाऊक. हीरो पळता पळता चार जणांना लोळवतो. आमच्याकडं पंचवीस मीटरवरचं टार्गेट धड लागलं तरी शाबासकी मिळते. पिस्तूल हे हट्टी जनावर आहे, हातातून कळतं. म्हणून ट्रायल. ट्रिगर किती ओढावा लागतो, कुठं अडतो, गोळी सुटल्यावर बोट किती सैल सोडलं की तो पुन्हा तयार होतो, हे बघायचं. लहान पंजाच्या जवानाला पकड बसते का, हातमोजे घालून, डाव्या हातानं, घामट हातानं कसं चालतं, हे बघायचं. सकाळी फायर, दुपारी प्रत्येकाचं मत.

जुन्या पिस्तुलात एक गोष्ट होती. मॅगझीन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढलं की ट्रिगर मरायचा. नळीच्या मागच्या चेंबरमध्ये गोळी राहिली असली तरी सुटायची नाही. नव्यात तसं नव्हतं. मॅगझीन बाहेर काढलं तरी चेंबरमधली गोळी सुटू शकत होती. म्हात्रे साहेबांनी पहिल्याच दिवशी निरनिराळ्या पलटणींतून आलेल्या टीमला रांगेत उभं केलं.

"मॅगझीन बाहेर. पिस्तूल?"

"भरलेलं, साहेब!"

"कोण बोललं रिकामं?"

कुणीच बोललं नव्हतं. तरी त्यांनी आमच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. नंतर मला हळूच म्हणाले, "पोरांचं डोकं पक्कं करायला लागतं रे. जुनी सवय लई वाईट."

ट्रायल चांगली चालली होती. ट्रिगर मऊ, पकड भरीव. साहेबांसारखा खोड काढणारा माणूसही खूश होता. मग चिखलाची टेस्ट आली. पिस्तूल चिखलात बुडवायचं, झटकायचं आणि लगेच फायर करायचं. सकाळची वेळ, ऊन स्वच्छ. फायरिंग पॉइंटवर साहेब आणि त्यांच्या उजवीकडं मी. मागं रेंजचे अधिकारी मेजर साहेब.

साहेबांचे दोन राउंड गेले. तिसऱ्याला ट्रिगर अडकला.

"स्टॉपेज!"

"स्टॉप फायर," मेजर साहेब म्हणाले.

मी माझं पिस्तूल खाली केलं. साहेबांनी मॅगझीन काढून टेबलावर ठेवलं. यापुढं नळी टार्गेटकडंच ठेवून स्लाइड मागं ओढायची आणि चेंबरमधली गोळी बाहेर काढायची. साहेबांनी तसं केलं नाही, पिस्तूल डोळ्यांजवळ आणलं. ट्रिगरच्या खाचेत चिखल बसला होता. तो नीट दिसावा म्हणून पिस्तूल स्वतःकडं वळवलं आणि अंगठ्यानं चिखल पुसला.

आवाज झाला.

गोळी गळ्याखाली लागली. साहेब क्षणभर उभेच होते. हातातल्या पिस्तुलाकडं बघत होते. चेहऱ्यावर वेदना नव्हती, नुसतं नवल होतं. मग गुडघ्यांवर आले. मी जखमेवर दोन्ही हात दाबले. मागं ऑपरेटरनं वायरलेस सेट उचलला.

"रेंज ते कंट्रोल. एक जखमी. अ‍ॅम्ब्युलन्स पाठवा. ओव्हर."

"कंट्रोल ते रेंज. जखमी कोण? ओव्हर."

"म्हात्रे साहेब."

सेटवर नाव घ्यायचं नसतं. ऑपरेटरनं घेतलं आणि कुणी त्याला रागावलं नाही.  अ‍ॅम्ब्युलन्स आली तोवर साहेब गेले होते.

पिस्तुलाची तपासणी झाली. दोष निघाला नाही. ट्रिगर जसा असायला हवा तसाच होता. हे मला आजवर पचलेलं नाही. ज्या माणसानं आम्हाला "भरलेलं, साहेब" घोकायला लावलं, तोच त्या चुकीनं गेला. डोक्याला ठाऊक होतं, पण हात वीस वर्षं त्या जुन्या पिस्तुलावर वाढला होता.

साहेब स्वतःच्या हातातल्या पिस्तुलानं गेले, म्हणून अपघात की आत्महत्या, अशी चौकशी बसली. घरी काही ताण होता का, झोप लागत होती का, कुणाशी बिनसलं होतं का, असे प्रश्न मला विचारले. निकाल लागेपर्यंत सलामी नाही, असा हुकूम आला. नियम त्याच्या जागी बरोबर असेल. पण तो पेणमध्ये कोण समजावणार?

पार्थिव घेऊन आम्ही पाच जण पेणला पोचलो. गल्लीत माणूस मावत नव्हता. स्मशानात सरणही रचून तयार होतं. एक म्हातारे गृहस्थ पुढं येऊन म्हणाले, "सलामी कवा?"

"सलामी नाही, बाबा."

त्यांनी मागं वळून बघितलं. कुजबुज सुरू झाली ती मला ऐकू येत होती. "सलामी नाय? मंग कायतरी हाय." अग्नी दिला तेव्हा निम्मी माणसं पांगली होती. लाजेनं माझी मान वर होईना.

साहेबांचा धाकटा भाऊ रमेश डोलवीला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे. त्यानं मला बाजूला ओढलं. "खरं सांग. दादानं सोताच गोळी घातली काय?"

"नाय रे. ट्रिगर साफ करताना सुटली."

"दादाच्या हातून? पोरांना शिकवनाऱ्याच्या?"

तो माझ्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर मीही ठेवला नसता.

रजा घेऊन मी दहाव्याला अष्टमीहून पुन्हा गेलो. साहेबांची बायको, सुनंदा वहिनी, घरामागच्या गणपतीच्या कारखान्यात बसल्या होत्या. म्हात्र्यांचा हा पिढीजात धंदा, साहेबही रजेवर आले की इथंच बसत. शेजारी रमेश होता. वहिनी रडत नव्हत्या.

"भावजी, गाव काय बोलतो ते मला ठावं हाय. मला येकच सांगा. गोळी सुटली तवा त्ये काय करत व्हते? बोलू नका. हातानं दाखवा."

त्यांनी शाडूची ओली, वीतभर मूर्ती माझ्या हातात दिली. मी ती डोळ्यांजवळ आणली, स्वतःकडं वळवली आणि अंगठ्यानं हलकेच पुसली.

"बस," वहिनी म्हणाल्या.

रमेशनं मूर्ती माझ्या हातातून काढून घेतली. मूर्तीच्या डोळ्याच्या कोपऱ्यात राहिलेली माती साहेब अगदी अशीच काढायचे, हे मला त्यानं नंतर सांगितलं.

"बगितलंस, रमेश? मरायला निगालेला मानूस चिखल पुसत बसत नाय." आणि मग वहिनी रडल्या. रमेश रडला, मीही रडलो.

पुढं चौकशीचा निकाल आला, ड्युटीवर अपघाती मृत्यू. आता सलामीचं पथक पाठवू का, असं पलटणीनं विचारलं. तो निरोप घेऊन मीच पेणला गेलो.

वहिनी म्हणाल्या, "आता कुनाला देनार? राख खाडीत गेली. गाव बगत व्हता तवा द्यायची व्हती."

मी पलटणीला तेवढंच कळवलं.

नायब सुभेदार यशवंत म्हात्रे, राहणार पेण. ड्युटीवर गेले आणि सलामीशिवाय गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून दोन्ही लिहिल्या.