लसूणवेलीला दिलेला ताण
घरातला पहिला पदवीधर झालो तो गावच्या शाळेतल्या सरांमुळे. पाणी तोडून ताण दिला की डाळिंब बहरतं, हेही त्यांच्याच बागेत शिकलो. आज लसूण सोलताना विश्रांतवाडीतली, पानांना असाच वास येणारी माझी लसूणवेल आठवली. सॉफ्टवेअर कंपनीतली नवी नोकरी, तळमजल्यावरचं घर, आणि कुंपणावर तीन वर्षं नुसती पानं. "अहो इंजिनिअर, पाडव्यापर्यंत फुलली नाही तर उपटून टाकू," सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले. थंडीत मी पाणीच तोडलं. पानं पिवळी पडली तेव्हा ते म्हणाले, "वा! आमचं काम आपणच करताय." मी बधलो नाही. महिन्याने भरपूर पाणी सोडलं, आणि पाडव्याआधीच कुंपण जांभळं झालं. त्याच दिवशी पत्र टाकलं: "सर, ताण लागू पडला. वेल उपटायला कोणी आलं नाही. सेक्रेटरी मात्र फांदी मागून गेले."