ओल्या भिंतीचा पंचनामा

भाडेकरूने घराची नासधूस केली तर मालकाने काय करावं, याचा सल्ला आमच्या पाथरीत मागावा लागत नाही. चहाला आधण यायच्या आत चार जण देऊन जातात. एका उन्हाळ्यात मला इतके सल्ले मिळाले की मी स्वतःला निम्मी वकील समजायला लागले होते.

आमच्या घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या आहेत. शाळेत जन्मभर पोरांवर ओरडून मी निवृत्त झाले आणि त्या खोल्या बांधल्या. ओरडायची सवय सुटेना म्हणून हिने भाडेकरू ठेवले, असं आमचे हे पाहुण्यांना सांगतात. नियम तोंडपाठ करून घेतल्याशिवाय मी कुणाला किल्ली दिली नाही. पहिला नियम, भिंतीत खिळा मारायचा नाही. दुसरा नियम, बारीक खिळासुद्धा मारायचा नाही.

तेव्हा त्या खोल्यांत शिलाईकाम करणारी एक बाई तीन वर्षांपासून राहत होती. नवरा ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर घेऊन कारखान्यांकडे जायचा आणि निम्मं वर्ष तिकडेच असायचा. ही एकटी मशीनवर बसून गल्लीतल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज शिवायची. हात चांगला होता तिचा. आरसा मात्र जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलेला, कारण नियम पहिला. ब्लाउज पाठीत कसा बसलाय ते बघायला गिऱ्हाइकाला गुडघ्यावर यावं लागे. मीही आलेय. शिस्त किती छान पाळली जातेय, एवढंच मला गुडघ्यावरून दिसलं.

मार्च सरता सरता तिने खिडकीत पत्र्याचा कूलर लावला आणि पंधरा दिवसांत खिडकीजवळच्या कोपऱ्यात ओल आली. आधी बशीएवढी, मग परातीएवढी. रंगाचे पोपडे सुटायला लागले. त्या कोपऱ्याच्या पलीकडे आमची न्हाणी आहे, हे मला ठाऊक होतं, पण माझ्या डोक्यात कूलर बसला तो बसलाच. मी मोबाइलवर सतरा फोटो काढले आणि येईल त्याला दाखवले. दीर म्हणाले, डिपॉझिट दाबून ठेवा. शेजारीण म्हणाली, त्यांचं पाणीच तोडा. आमचे हे पेपरातून तोंड न काढता म्हणाले, एकदा प्लंबरला दाखवू. पण घरच्या माणसाचा सल्ला धरायची आमच्याकडे पद्धत नाही.

मी तिला सरळ फर्मान काढलं. कूलर बंद, भिंत दुरुस्त, नाहीतर महिनाअखेर खोली खाली. तिने वाद घातला नाही. हातातली कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, "काकू, माझं समदं गिऱ्हाईक ह्याच गल्लीतलं हाय. मी पार त्या टोकाला गेले तर तिथं कोण येणार माझ्याकडं?"

मला ते कळत होतं. लग्नसराई तोंडावर आलेली, त्या चार महिन्यांच्या शिलाईवर तिचं वर्ष निघायचं. पण आवाज एकदा चढला की तो उतरवायचा कसा, हे शाळेत मला कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, आधी भिंत.

तिने पोपडे खरवडले, चुना आणला, हात मारला. आठ दिवसांत ओल परत. पुन्हा खरवडलं, पुन्हा चुना. कूलर तर बंदच होता. डोक्यावर ओला पंचा घेऊन ती भर दुपारी मशीन मारायची, आणि मला बघून पदर सावरायची. कूलर बंद असून ओल कशी येते, असं आमच्या ह्यांनी विचारलं. भिंतीत मुरलेलं पाणी लवकर वाळत नाही, असं मी ठणकावलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

मग लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं बारा दिवस गेलो. घराची किल्ली तुळशीला पाणी घालायला तिच्याकडेच दिली. माझं कपाट, भांडीकुंडी, सगळं मी तिच्या हवाली केलं; भरवसा नव्हता तो फक्त कूलरचा. निघताना ह्यांनी आमच्या टाकीचा कॉक बंद केला. मागच्या खोल्यांची टाकी वेगळी आहे.

परत आलो तर ती दारातच उभी. मला हाताला धरून आत नेलं. भिंत खडखडीत वाळलेली, वर तिसऱ्या चुन्याचा पांढरा हात. मी तोंड उघडणार तोच ती खाली बघून म्हणाली, "काकू, एक खरं सांगते. तुमी नव्हत्या तवा मी कूलर लावला. रोज लावला. उकाड्यात सुई दिसंना गेली होती. तुमी म्हणाल तसं करते."

ती बिचारी गुन्हा कबूल करत होती. कूलर बारा दिवस चालू होता आणि भिंत वाळली. बंद होती ती आमची न्हाणी. तिच्या ते ध्यानात आलं नव्हतं. माझ्या मागे उभे असलेले आमचे हे मात्र खाकरले.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. न्हाणीच्या भिंतीला कान लावला, तिथल्या दोन टाइल काढल्या आणि आतल्या पाइपात घुसलेला एक खिळा मला दाखवला. लांबलचक, गंजलेला. त्यावर मी साबणाची जाळी टांगत होते. तो खिळा मी मारला होता, माझ्या स्वतःच्या हाताने, फेब्रुवारीत. आपल्याच घरात खिळा मारायला कसला नियम, असं तेव्हा वाटलं असेल. वाटलंही नसेल, हातोडी दिसली आणि मारला.

गप्प बसता आलं असतं. प्लंबर परगावचा, हे तर काय, जन्मभर गप्पच बसलेत. पण ती खाली बघून बोलली होती ते डोळ्यांपुढून हलेना. मी तो खिळा मुठीत घेऊन मागे गेले, तिच्या मशीनवर ठेवला आणि सगळं सांगितलं. चूक माझी होती, खोली सोडायची नाही, कूलर लाव, हेही सांगितलं. ती हसेल, निदान सुटकेचा श्वास सोडेल, असं मला वाटलं होतं.

तिने खिळा उचलून बघितला. मग म्हणाली, "बारा दिवस मला झोप नव्हती काकू. कूलरखाली पडले की वाटायचं, आपण चोरी करायलोत."

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

ती उठली. जमिनीवरचा आरसा तिने उचलला आणि उभ्या माणसाला दिसेल एवढ्या उंचीवर भिंतीला लावून धरला.

"हितं एक खिळा मारू का?"

मी घरात जाऊन हातोडी घेऊन आले.