कुमुदआत्यांचे बारा कप्पे

कुमुदआत्यांकडे एखादं गाणं मागितलं की त्या त्याचं नाव पुरतं ऐकूनच घेत नसत. "म्हणजे सहा-चौदा," असं म्हणून त्या टीव्हीचा रिमोट उचलायच्या आणि पडद्याकडे न बघता बटण दाबत जायच्या. ओठ हलत असायचे. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, नामस्मरण चाललंय. बटण थांबायचं आणि हवं तेच गाणं सुरू व्हायचं.

द्वारका चौकाजवळच्या आमच्या इमारतीत त्यांचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून होतं. त्यांनी लग्न केलं नव्हतं. पुण्याचा भाचा निखिल त्यांना आत्या म्हणायचा, म्हणून सगळी इमारतच आत्या म्हणू लागली. नोकरी टेलिफोन खात्यात झाली, ट्रंक कॉल जोडण्याच्या टेबलावर. घोटीचे तांदळाचे व्यापारी सकाळीच मुंबईचा कॉल लावून बसत, पावसाळ्यात पेठची लाइन हमखास जाई, हे सगळं त्या कालपरवाचं असल्यासारखं सांगत. "गिऱ्हाईक म्हणायचं, पाटलांकडे जोडा. अहो, कुठले पाटील? नावं चार जणांची सारखी असतात. नंबर एकाचाच असतो."

हाच हिशेब त्यांनी गाण्यांना लावला होता. रेडिओवरून उतरवलेल्या, लग्नाकार्यांत, ऑफिसातल्या कार्यक्रमांत भरलेल्या कॅसेटींचे बारा खोके त्यांच्याकडे होते. निखिलने एका दिवाळीत ते पुण्याला नेऊन सगळं एका हार्ड डिस्कवर चढवून आणलं. आत्यांनी अट एकच घातली: खोक्यांचे क्रमांक तसेच राहिले पाहिजेत, आणि आतल्या गाण्यांचेही. त्यामुळे त्या काळ्या, पाकिटाएवढ्या डबीत बारा कप्पे होते आणि प्रत्येकात नुसते आकडे. आत्या तिला "डबी" म्हणत. टीव्हीच्या मागे ती कायम खोचलेली असे.

मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तीस वर्षं पुस्तकांना क्रमांक देत आलो होतो, पण क्रमांकाबरोबर कर्ता, शीर्षक, विषय असलाच पाहिजे असं मानणारा मी. नुसते आकडे पाहून मला अस्वस्थ व्हायचं. आत्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे निखिलकडे गेल्या, जाताना झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे देऊन गेल्या, तेव्हा मी ती डबी माझ्या घरी आणली. रोज संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत एकेक करत गाणी ऐकायची, गायक ओळखायचा, राग कळला तर तोही लिहायचा. नाट्यगीतं, भावगीतं, अभंग, शास्त्रीय आणि अनोळखी असे पाच नवे कप्पे केले. चारशेच्या वर गाणी होती. जुने आकडे पुसले गेले याचं मला काहीच वाटलं नाही. उलट, इतकं मन लावून मी बऱ्याच दिवसांत काही केलं नव्हतं.

आत्या परत आल्या त्या दिवशी मी डबी त्यांच्या टीव्हीला परत लावली आणि मोठ्या उत्साहाने सांगितलं.

"किती कप्पे केलेस?" त्यांनी विचारलं.

"पाच. अगदी सुटसुटीत."

"पाच," त्या म्हणाल्या. "छान केलंस. चहा टाकतोस का?"

त्यानंतर भिंतीपलीकडून विचित्र गाणी ऐकू येऊ लागली. सकाळी सात वाजता संध्याकाळचा मारवा. दुपारी भूपाळी. एका रविवारी तर एकच गाणं तासाभरात तीनदा सुरू झालं आणि पहिल्या ओळीवर थांबलं. मी जाऊन दार वाजवलं. आत्या खुर्चीत बसल्या होत्या, रिमोट मांडीवर.

"काय शोधताय?"

"काही नाही रे. फिरतेय जरा."

मी पडद्याकडे बघितलं. मी घातलेली सगळी नावं तिथे ओळीने दिसत होती, मोठ्या अक्षरांत. "आत्या, ही नावं वाचता येतायत ना?"

त्या रिमोटवरून अंगठा फिरवत म्हणाल्या, "खिडकी कुठे आहे ते कळतं. माणूस आला की सावली कळते. अक्षरं गेली दोन वर्षांपूर्वीच. काचबिंदू. ऑपरेशन केलं ते उरलंय तेवढं राहावं म्हणून. निखिलला वाटतं, त्यानं दिसायला लागलं."

"पण तुम्ही तर..."

"सहा खाली, मग आत, मग चौदा खाली. त्याला डोळे कशाला लागतात?"

मी खाली बसलो. इतके दिवस का सांगितलं नाही, असं विचारलं, तर म्हणाल्या, "इतका जीव लावून केलंस. तुला काय सांगू? शिवाय बोलता बोलता तू निखिलला सांगितलं असतंस. दिसत नाही म्हटलं की तो गाडी घेऊन येईल आणि मला उचलून नेईल. चांगला आहे रे तो. पण तिथे पाणी प्यायचं तरी मला विचारावं लागतं. इथे निदान गाणं तरी मी कुणाला मागत नाही."

निखिलकडे जुनी प्रत उरली नव्हती. त्याचा तेव्हाचा लॅपटॉप केव्हाच मोडीत गेला होता. कॅसेटीही राहिल्या नव्हत्या. म्हणजे ते बारा कप्पे आता एकाच ठिकाणी होते, आत्यांच्या डोक्यात. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी लॅपटॉप घेऊन त्यांच्यासमोर बसलो. मी गाणं लावायचं, पहिली ओळ संपायच्या आत त्या आकडा सांगायच्या.

"तीन-नऊ. याच्या शेवटी बातम्यांची सुरुवात आलीय, ती कापू नकोस."

"कापली नाही."

"आठ-एक. आठ-दोन. हे दहा-तीस, पण याला आता वर घे, अंगठा दुखतो."

अनोळखी या कप्प्यात मी सत्तावीस गाणी टाकली होती. त्यातल्या पहिल्याच गाण्याला त्या हसल्या. "अनोळखी? अरे, ही आमची सरोज. शेजारच्या टेबलावर बसायची. ऑफिसच्या हळदीकुंकवाला गायलीय. मागे घंटी वाजतेय बघ, तेवढ्यातही कुणीतरी कॉल लावत होतं. बारा-पाच." मग जरा वेळाने म्हणाल्या, "तुझ्या लायब्ररीत हिला कुठे ठेवलं असतंस?"

मी बारा-पाच लिहिलं आणि पुढचं गाणं लावलं.

हे काम सोळा दिवस चाललं. एकाही गाण्यापाशी त्या अडल्या नाहीत. एका गाण्याला मी मुद्दाम दुसऱ्यांदा विचारलं, तर म्हणाल्या, "परीक्षा घेतोस का? चार-बावीस. काल पण तेच सांगितलं होतं." शेवटचं गाणं जागेवर बसलं तेव्हा त्यांनी डबी टीव्हीला लावायला सांगितली, मला गप्प बसवलं आणि बटण दाबायला सुरुवात केली. ललत सुरू झाला. सकाळचे सहा वाजले होते, ललतचीच वेळ. "हं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मला घरी जायला सांगितलं.

पुढचं वर्षभर भिंतीपलीकडून योग्य वेळी योग्य गाणं येत राहिलं. निखिलला मी काही सांगितलं नाही. ते बरोबर केलं का, हे मला आजही ठरवता येत नाही. मी रोज सकाळ-संध्याकाळ एक फेरी मारायचो, गॅस बघायचो, एवढंच.

मग थंडीतल्या एका सकाळी मी त्यांच्याकडे चहा पीत असताना त्यांनी दोन-अकरा लावायला घेतलं, आणि भलतंच वाजू लागलं. त्यांनी थांबवलं. मागे गेल्या, परत मोजलं. पुन्हा तेच. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ऑपरेशनहून आल्या तेव्हाही नाही.

"तू परत काही हलवलंस का रे?"

मी डबीला हात लावला नव्हता. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होतो. अकराच्या जागी तो दोन्ही वेळा बारा वेळा दाबला गेला होता.

"हो, आत्या," मी म्हटलं. "परवा धूळ पुसताना लॅपटॉपला लावली होती. एक गाणं खालीवर झालं असणार."

"तरीच," त्या म्हणाल्या आणि खुर्चीला टेकल्या. "मला वाटलं... जाऊ दे. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, किती वेळा सांगायचं तुला?"

"चुकलंच."

मी उठून टीव्हीच्या मागे थोडी खुडबुड केली आणि रिमोट त्यांच्या हातात दिला. या वेळी त्यांनी सावकाश मोजलं. अकरा. गाणं बरोबर लागलं. ते संपेपर्यंत त्या मला बोलत होत्या.

पुढच्या महिन्यात, झोपेतच, आत्या गेल्या. तोवर माझ्या हातून अशा आणखी पाच चुका झाल्या होत्या.