धोंडू गाडीवानाचा साक्षीदार

वळण आलं की धोंडू घोडी थांबवायचाच. बाकावर उभा राहून दोन्हीकडे पाहायचा, चाबूक उंच धरून "वळतंय होऽ" अशी हाळी द्यायचा, आणि मगच लगाम ओढायचा. गाडीतलं गिऱ्हाईक कितीही कावलं तरी फरक नाही. "सरळ रस्त्यार घोडी हाकता, वळणावर मी," असं शांतपणे सांगायचा.

प्लेग येण्याच्या दोनेक वर्षं आधीची ही गोष्ट. मी मुंबईत, कोटातल्या एका सरकारी कचेरीत नवा कारकून होतो. खोताच्या वाडीजवळ आमचं बिऱ्हाड, आणि पलीकडच्या तबेल्यात धोंडूची भाड्याची घोडागाडी, व्हिक्टोरिया. एका दुपारी आईला धाप लागली. मी धावत गेलो. धोंडू हातातली भाकरी टाकून उठला.

ट्रामच्या रस्त्याला लागलो तर कुणा बड्या साहेबाची स्वारी यायची म्हणून नाक्यावर वळायला मनाई. धोंडूने गाडी थांबवली. "शिपायबाबा, म्हातारी आजारी हा," म्हणाला. शिपायाने आईकडे पाहिलं आणि हाताने 'जा' अशी खूण केली. धोंडू उभा राहिला, हाळी दिली, वळला. तेवढ्यात घोड्यावरून एक गोरा अंमलदार आला आणि शिपायावर ओरडला. शिपायाने घाबरून धोंडूच्या बिल्ल्याचा नंबर टिपला. मनाई मोडून वळला, असा खटला झाला.

आई वाचली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं.

सगळ्यांनी धोंडूला सांगितलं, गुन्हा कबूल कर आणि मोकळा हो. तो ऐकेना. "माझा चुकलाच नाय, तर कबूल कित्याक करू?" मग माझ्याकडे आला. "अण्णा, तुमी बघितलात तेवढाच कोर्टात सांगा. जास्त नको."

"येतो," मी म्हणालो.

मला समन्स धाडावं, असं धोंडूच्या वकिलाच्या मुनशीने सुचवलं होतं. धोंडूच नको म्हणाला. अण्णांनी शब्द दिलाय, समन्स कशाला?

खटल्याच्या दिवशी सकाळी कचेरीत पाऊल टाकताच हेडक्लार्कने विचारलं, "पोलिसांविरुद्ध साक्ष देणार म्हणे? तुमच्या कायम होण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर आहे, ठाऊक आहे ना?" मी जागेवर बसलो. संध्याकाळपर्यंत उठलो नाही.

कोर्टातलं मला दुसऱ्या एका गाडीवानाने सांगितलं. धोंडू दोनदा मॅजिस्ट्रेटला म्हणाला, "माझो साक्षीदार येता हा, सायबानू." त्याचा खटला सगळ्यांत शेवटी घेतला. कोणी आलं नाही. बिल्ला जप्त झाला, म्हणजे गाडी हाकायचा परवानाच गेला.

दुसऱ्या दिवशी मी तबेल्यात गेलो. तो घोडीला खरारा करत होता. "आई बऱ्या आसत मां?" त्यानेच विचारलं. मी मान हलवली, आणि मागायची ठरवलेली माफी न मागताच परत आलो. पंधरवड्यात तो गावी निघून गेला.

चार वर्षांनी त्याची बायको भावासोबत मुंबईत आली होती, ती मुद्दाम शोधत घरी आली. धोंडू श्रावणात गेला, म्हणाली. आईच्या पाया पडली. जाताना मला म्हणाली, "ते शेवटपर्यंत सांगत, अण्णांका कचेरीतून सोडल्यानी नसतला. नायतर ते येतलेच."

मी रजा मागितलीच नव्हती. तिला ते सांगावं म्हणून दारापर्यंत गेलो, आणि "जपून जा" एवढंच म्हणालो.